फिल्म बघून सांगतो

दार ठोठावायचा पगार देतात होय गं तुला, असं अर्डिस लुंडीनची आई मरेपर्यंत विचारत राहिली. म्हातारीचं अगदीच चूक नव्हतं. केसलर कॉलेजच्या तळघरात एका दारावर ‘क्रीडा माहिती विभाग’ असं पितळी अक्षरांत लिहिलेलं होतं. आत बघावं तर विभाग म्हणजे एकटी अर्डिस, एक टाइपरायटर, एक सायक्लोस्टाइलचं यंत्र आणि शेजारच्या कोळशाच्या भट्टीची धग. आठवडाभर ती खेळाडूंची उंची-वजनं टंकत बसायची. पण तिची खरी नोकरी शनिवारी दुपारी असायची, फुटबॉलचा सामना संपल्यावर.

सामना संपला की कोच एमिल व्हावरा पोरांना घेऊन कपडे बदलायच्या खोलीत शिरायचे आणि दार लागायचं. बाहेर वार्ताहर वह्या काढून उभे. जिंका नाहीतर हरा, दहा मिनिटांनी कोचनं बाहेर येऊन त्यांच्यापुढे उभं राहायचं आणि विचारतील त्याला उत्तर द्यायचं, हे त्यांच्या करारातच लिहिलेलं होतं. आत जायची बाईमाणसाला सोय नव्हती. म्हणून अर्डिसनं दहा मिनिटं झाली की किल्ल्यांच्या जुडग्यानं दार वाजवायचं आणि म्हणायचं, “कोच, वेळ झाली.”

आता ही दहा मिनिटं अर्डिसची होती, घड्याळाची नव्हती. संघ जिंकलेला असला तर ती वेळेवर वाजवायची. हरलेला असला तर मनगटाकडे बघत नुसती उभी राहायची. वार्ताहर कुरकुरायला लागले की निर्विकार चेहऱ्यानं सांगायची, “माझं घड्याळ जरा मागे पडतं.” ते घड्याळ अख्ख्या नेब्रास्कात सगळ्यात अचूक होतं, आणि हे त्या वार्ताहरांनाही ठाऊक होतं. पण कोणी तोंडावर म्हटलं नाही. माणसं तेव्हा जरा बरी होती, असं अर्डिसला अजून वाटतं, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

व्हावरांना बोलायचं जिवावर यायचं. चेक मुलखातून आलेल्या बोहेमियन शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. तिथे जेवणाच्या टेबलावर ‘बटाटे दे’ यापलीकडे संभाषण जात नसे. मैदानावर त्यांचा आवाज धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू यायचा, पण कोणी पेन्सिल काढली की मिठाची गुळणी धरलीच. अमका का पडला? तमक्यानं चेंडू का सोडला? टोपी मागे सरकवून कोच म्हणायचे, “फिल्म बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.” तेव्हा सामन्याची फिल्म खरोखरच काढत. भौतिकशास्त्राचे मास्तर छपरावर कॅमेरा घेऊन बसायचे, तो डबा संध्याकाळच्या बसनं ओमाहाला धुवायला जायचा आणि रविवारी सकाळच्या बसनं परत यायचा. तोवर वार्ताहरांचे पेपर छापून झालेले असायचे. कोचला तेच हवं असायचं.

गावानं या वाक्याची पार चटणी करून टाकली होती. चर्चबाहेर पाद्रीबुवांनी विचारावं, आजचं प्रवचन कसं झालं? मागून कोणीतरी म्हणणारच, “फिल्म बघून सांगतो.” कोचच्या बायकोनं, ब्लांचनं, एकदा अर्डिसला सांगितलं होतं, “अगं, मी यांना लग्नाचं विचारलं ना, तेव्हापण हेच म्हणाले असते. पण तेव्हा यांच्याकडे कॅमेरा नव्हता.”

सोमवारी दुपारी लीजन हॉलात जेवण असे. माजी सैनिकांचा तो हॉल. बायका मोठ्या पातेल्यात मांसाची तिखट उसळ करून आणत, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. बाहेरचा कोणी आला की या जोडीला नाक मुरडायचा आणि पहिल्या घासानंतर गप्प बसायचा. जेवण झालं की पडदे ओढले जात. अर्डिस प्रोजेक्टर लावायची आणि कोचनं गावकऱ्यांना शनिवारची फिल्म दाखवत दाखवत सगळं समजावून सांगायचं. हेही करारात होतं. औषधवाला, न्हावी, धान्याच्या कोठारावरचे मुकादम, सगळ्यांना आपण कोचपेक्षा शहाणे आहोत हे त्या तासाभरात सिद्ध करायचं असे. गुरुवारी पशुखाद्याच्या दुकानातून रेडिओवर कोचचा कार्यक्रम असे, पोत्यांवर माणसं बसलेली. एकदा एका बाईनं फोन करून विचारलं होतं की माझी गाय दूध कमी देते, काय करू. त्या दिवशी व्हावरा पाऊण कार्यक्रम भरभरून बोलले. अर्डिस ते आठवून आजही एकटीच हसते.

याच हॉलात कॉफी ओतायला गस टेलर असायचा. त्याचं मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज होतं, चांगलं चालायचं. पण गस वीस-एकवीस वर्षांचा असताना मार्लोविरुद्धच्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू निसटला होता. मार्लो म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज, आणि मार्लोशी हरणं म्हणजे घरात मयत झाल्यासारखं. तेव्हापासून त्याचं नाव लोणीहात्या गस. त्याचं लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले, पण कोणी पान्हा मागितला तरी पुढे म्हणायचं, “पाडू नको हं, गस.” गस हसायचा. त्याच्या बायकोला मात्र त्यावर हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षीच्या मोसमाचं काही खरं नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी संघ मार खात होता. क्रीडा समितीचे अध्यक्ष म्हणजे बँकेचे क्लिफर्ड रीस. गोड बोलून सुरी फिरवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मार्लोच्या सामन्याआधी ते तळघरात उतरले आणि अर्डिसच्या समोरच कोचला म्हणाले, “एमिल, तुमच्याबद्दल आम्हाला सगळ्यांना आदर आहे. पण हा शनिवार गेला तर मला समितीला आवरता येणार नाही.”

कोच म्हणाले, “बरं.”

रीस गेल्यावर अर्डिसनं टाइपरायटरवरून हात काढले. व्हावरा छप्पन वर्षांचे होते. राहतं घर कॉलेजचं. त्या वयात हरलेल्या कोचला कोण उभं करतं? “कोच, तुम्ही काही बोलला का नाहीत?” तिनं विचारलं.

“करारात पेपरवाल्यांशी बोलायचं लिहिलंय,” ते म्हणाले. “रीसशी बोलायचं कुठं लिहिलंय?”

शनिवारी अख्खं केसलर मैदानावर. तिकडचा फुटबॉल पायानं कमी आणि खांद्यानं जास्त खेळतात; चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी धडका देऊन वाट करून द्यायची. शेवटचं मिनिट, केसलर दोन गुणांनी मागे, आणि चेंडू मार्लोच्या रेषेपासून चार पावलांवर; रेषेपार नेला की सामना जिंकला. लाथ मारून चेंडू दांड्यांमधून घालवला असता तरी तीन गुण मिळून सामना खिशात होता. पण लाथ मारणाऱ्याचा घोटा सुजलेला. कोचनं खेळी दिली: उजवीकडून पळवा. चेंडू घेऊन पोरगा उजवीकडे घुसला आणि तिथल्या तिथे आडवा झाला. धुळीचा ढिगारा, हातापायांचा ढिगारा, आणि शिट्टी. स्टँडमधून कोणाला काही कळलं नाही. कळलं एवढंच की कोचनं हातातला सामना घालवला. “अरे लाथ मारायची ना!” असं जो तो शेजाऱ्याला सांगत होता.

अर्डिस दाराबाहेर उभी राहिली. दहा मिनिटं होऊन गेली. ती मनगटाकडे बघत राहिली. गावच्या पेपरचा मॅक्स डिटमर सगळ्यात पुढे होता. जाड भिंगांचा, सावकाश लिहिणारा माणूस. त्यानंही घाई केली नाही. पण तिनं जुडगं उचलायच्या आधीच दार उघडलं आणि कोच स्वतःच बाहेर आले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मार्लोच्या वार्ताहरानं विचारलं, “कोच, शेवटच्या खेळीत काय झालं? कोणी अडवायचं चुकलं का?”

“नाही,” व्हावरा म्हणाले. “खेळी मी चुकीची दिली. पोरांनी मी सांगितलं तसंच केलं. चूक माझी.”

डिटमरची पेन्सिल थांबली. त्यानं भिंगांवरून आधी कोचकडे पाहिलं, मग अर्डिसकडे. सूप खारट आहे का हे सांगायलासुद्धा जो माणूस फिल्म मागायचा, त्यानं फिल्म धुवायला जायच्या आत स्वतःच्या डोक्यावर खापर फोडून घेतलं होतं. मग डिटमरनं मान खाली घालून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

रविवारी सकाळी अर्डिसनं बसवरून डबा आणला. तळघरात कोच आधीच येऊन बसले होते. भिंतीवर फिल्म लावली. शेवटची खेळी आली आणि अर्डिसनं न सांगता ती मागे घेतली, परत लावली. छपरावरून सगळं लख्ख दिसत होतं. उजवीकडे वाट करून द्यायची ती लाइल होराकनं. खांद्यानं भिंत पाडेल असा पोरगा. खेळी सुरू झाली आणि लाइल डावीकडे वळला. उजवीकडे भलंमोठं खिंडार पडलं आणि त्यातून मार्लोचा गडी मोकळा आत आला. लाइल उजवीकडे वळता, तर पुढे रेषेपर्यंत नुसतं गवत होतं. कोचची खेळी बरोबर होती. लाथेपेक्षाही बरोबर.

“तुम्हाला कालच माहीत होतं,” अर्डिस म्हणाली.

“मी बाजूला उभा होतो. मला त्याचे पाय दिसले.”

“मग उद्या लीजन हॉलात दाखवू हे. रीसच्या नाकासमोर दाखवू. काय बोलतात ते बघू.”

“आणि होराकच्या पोराचं?”

लाइल होराकच्या सात पिढ्यांत कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याचा बाप अलॉइस दर शनिवारी गाईंचं दूध काढून, कपडे बदलून, त्याच एका जागेवर येऊन उभा राहायचा.

“गसला बघतेस ना दर सोमवारी?” कोच म्हणाले. “त्याचा चेंडू पडला तेव्हा मी इथं मदतनीस होतो. तेव्हाच्या कोचला विचारलं पेपरवाल्यांनी. त्यानं खरं ते सांगितलं. पोराचं नाव सांगितलं. मी मागे उभा होतो, अर्डिस. गप्प.” त्यांनी टेबलावरची टोपी उचलली. “मी बोलायला बांधलेलोय. पोराला पुढं ढकलून मी मागं लपावं, असं काही त्या करारात लिहिलेलं नाही.”

“मग मी काय करू उद्या?” तिचा आवाज चढला होता. तिला राग आला होता, त्यांचाही आणि त्या पोराचाही.

“प्रोजेक्टर तू चालवतेस. मला सांगायचं ते मी काल सांगितलंय.” ते टोपी घालून निघाले आणि दारात थांबले. “कालची दहा मिनिटं फारच लांबली होती. आभारी आहे.”

सोमवारी हॉलात मुंगीला शिरायला जागा नव्हती. रीस पहिल्या रांगेत, मांडीवर हात जुळवून. खेळाडू एरवी सोमवारी यायचे नाहीत, पण अलॉइस होराक लाइलला घेऊन आला होता. बापाला वाटत होतं, पोरानं चार मोठ्या माणसांत बसायला शिकावं. लाइलपुढचा रोल तसाच होता. त्याचं तोंड बघून अर्डिसला कळलं की याला माहीत आहे. फिल्ममध्ये काय आहे हे त्या हॉलात तिघांना माहीत होतं, आणि त्यातला एक आपल्या बापाशेजारी बसून ती लागायची वाट बघत होता.

अर्डिसनं अजून काही ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिनं ठरवलं होतं की फिल्म जशी आहे तशी दाखवायची. तिला व्हावरा हवे होते. शनिवारी ते दार ठोठावणं, गुरुवारी ती पोती, हे तिचं आयुष्य होतं, आणि कोणा पोराच्या एका पावलापायी ते जावं हे तिला मान्य नव्हतं. तिनं प्रोजेक्टरचा दिवा लावला. कोच काठीनं पडद्यावर दाखवत तुटक तुटक बोलत होते. गस कॉफीची किटली घेऊन रांगांमधून फिरत होता. तो होराकांच्या टेबलाशी आला तसा अंधारातून कोणीतरी म्हणालं, “पाडू नको हं, गस.” हशा पिकला. गसही हसला. अर्डिसनं लाइलकडे पाहिलं. त्या हशात तो एकटा हसत नव्हता, गसच्या हातांकडे बघत होता.

पडद्यावर पोरं शेवटच्या खेळीसाठी वाकली. अर्डिसनं यंत्राचं झाकण उघडून फिरत्या फिल्मवर बोट दाबलं. फिल्म अडकली. थांबलेल्या फिल्मला प्रोजेक्टरचा दिवा क्षमा करत नाही. पडद्यावर पोरांच्या मधोमध एक तपकिरी ठिपका उमटला, पसरला, कडेनं फुगला, आणि सगळं पांढरं झालं. हॉलभर जळका वास सुटला.

“अर्डिस, अगं!” कोणीतरी ओरडलं. तिनं घाई न करता जळलेल्याच्या पुढची चांगली हातभर फिल्म ओढून फाडली, मुठीत चुरगळली, टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि परत लावली. पडद्यावर आता स्टँडमधली माणसं डोक्याला हात लावून उभी होती.

रीस मागे वळले. “नेमकी तिथंच तुटावी?”

“फिल्म तुटते,” कोच म्हणाले. “काय झालं ते मी शनिवारी सांगितलंय. खेळी चुकीची होती.”

पडदे उघडल्यावर डिटमर कोट घालता घालता प्रोजेक्टरपाशी आला. “बोट भाजलंय तुझं,” तो हळू आवाजात म्हणाला. “लोणी लाव.” त्यानं त्याविषयी कधी एक अक्षर छापलं नाही. ती मुठीतली फिल्म अर्डिसनं तळघरातल्या भट्टीत टाकली. अळीमिळी गुपचिळी.

नाताळाआधीच व्हावरांची नोकरी गेली. समितीनं त्यांना एक घड्याळ दिलं. ते पश्चिमेला कुठल्याशा शाळेत मुलांना कवायत शिकवायला लागले, आणि दर नाताळाला त्यांचं कार्ड येत राहिलं. ब्लांचच्या अक्षरात सगळी खुशाली, खाली त्यांची नुसती सही. अर्डिसनं त्यांच्यानंतर बऱ्याच कोचांची दारं ठोठावली. एक फार बोलायचा, एक रडायचा. ती हल्ली टीव्हीवर बघते तर कोच जाहिरातींच्या फळ्यापुढे उभा असतो, समोर पाण्याची बाटलीसुद्धा जाहिरातीची, आणि तो अर्धा तास बोलतो तरी काही सांगत नाही. व्हावरासुद्धा काही सांगत नव्हते, पण ते कमी शब्दांत सांगत नव्हते, असं तिचं म्हणणं. त्या सोमवारी आपण बरोबर केलं का, हे तिनं स्वतःला अनेकदा विचारलं. एका माणसाची नोकरी तिच्या बोटाखाली जळाली होती. त्याचीच तशी इच्छा होती हे खरं, पण बोट तिचं होतं.

परवाच्या शरदात, जुन्या खेळाडूंच्या मेळाव्याच्या दिवशी, लाइल होराक तिच्या ओसरीवर आला. आता तो सत्तरीपलीकडे, गुडघे गेलेले. जिल्ह्याच्या शाळांचा मुख्य म्हणून निवृत्त झालेला. रस्त्यात लोक त्याला टोपी काढतात. हातात दालचिनीच्या रोलचा पुडा होता.

“बाई, ओळखलंत का?”

“तुझे खांदे कोण विसरेल? बस.”

तो बसला. मक्याची कापणी चालू होती, हवेत भुसा होता. तो पुड्याची दोरी सोडायला लागला. मग म्हणाला, “कोच वारायच्या आदल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो होतो. गाडी चालवत दिवसभर. त्यांना सांगितलं, कोच, मी डावीकडे वळलो. तुमची खेळी बरोबर होती. माझ्यामुळे तुमची नोकरी गेली.”

“काय म्हणाले?”

“टोपी मागे सरकवली आणि म्हणाले, फिल्म बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.”

अर्डिसला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

“मी म्हटलं, कोच, फिल्म तर जळली. तेव्हा म्हणाले, फिल्मचं मला काय विचारतोस? फिल्मचं अर्डिसला विचार.” लाइलनं वर पाहिलं. “इतकी वर्षं धीर झाला नाही. मी तिथं बापाशेजारी बसलो होतो, बाई. देवाला म्हणत होतो, आत्ताच्या आत्ता मला मरण दे. आणि फिल्म तुटली. मी आयुष्यभर तो देवाचा कौल समजून चाललोय. ती खरंच तुटली होती का?”

तिनं हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, डिटमरलाही नाही. पण कोचनं त्याला तिच्याकडे पाठवलं होतं, आणि पाठवलं होतं म्हणजे सांगायची मोकळीक दिली होती, हे तिला कळलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी बोट लावलं होतं.”

लाइलनं मान खाली घातली. एवढा थोरला माणूस, दोन्ही हातांत तोंड धरून बसला आणि त्याचे ते खांदे हलायला लागले. रस्त्यावर त्याच्या बायकोनं गाडीचा भोंगा वाजवला. मेळाव्याला उशीर होत होता. लाइल डोळे पुसत उठायला लागला.

अर्डिसनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि आपल्या मनगटाकडे पाहिलं.

“बस अजून,” ती म्हणाली. “माझं घड्याळ जरा मागे पडतं.”